नळीला लागलेला हात

“आमच्या छायाच्या हातानं पोर गेलं नाय, एवढं शोधून द्या,” समाधान म्हणाला. “बाकी मला कुणाला तुरुंगात घालायचं नाय.”

रविवार कारंज्यावर एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर वसुधा बोरस्ते यांचं ऑफिस होतं. दारावर ‘खाजगी चौकशा’ अशी पाटी. अठ्ठ्याण्णव सालच्या नाशकात खाजगी चौकशा म्हणजे मुख्यतः स्थळांच्या चौकशा. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असल्या. त्याआधी वसुधाबाईंनी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. त्यामुळे खोटं बोलणाऱ्या माणसांशी त्यांचं छान जमायचं. खरं बोलणारी माणसं त्यांना जड जायची, आणि समोरचा माणूस खरं बोलत होता.

दाराजवळच्या स्टुलावर भिका शेवाळे बसले होते. निवृत्त हवालदार, आता वसुधाबाईंचे मदतनीस. पोलिसातल्या सगळ्या नोकरीत त्यांनी एकच सिद्धांत कमावला होता: जो आधी घाम पुसतो तो गुन्हेगार. वसुधाबाईंच्या संगतीत तो दर खेपेला खोटा ठरायचा. तरी हवालदारांनी त्याला सोडलं नव्हतं.

समाधान येवल्याला मागावर पैठणी विणायचा. धाकटी बहीण छाया नाशकात अंबडला दिलेली, नवरा तिथल्या कंपनीत टर्नर. तिला सात महिन्यांचा मुलगा होता, साई. त्याचं डोकं वाढायला लागलं. मेंदूतलं पाणी तुंबलंय, डोक्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नळी बसली. डोक्यातलं पाणी नळीतून खाटेजवळच्या पिशवीत पडू लागलं, खाली वळलेले डोळे जागेवर आले, सगळ्यांना हायसं वाटलं.

“मग ताप चढला,” समाधान म्हणाला. “डोक्यात पू झाला म्हणले. गेला.”

“छायाताईंचं नाव कुठे आलं यात?”

“सिस्टरनं इचारलं, नळीला कुणी हात लावला का? छाया म्हणली, लावला. पाजायला उचललं तवा पट्टी सरकली, ती म्या सरळ केली. हे सासूनं ऐकलं. तेरावं झालं आन् तिला आमच्याकडं आणून सोडली. आईच्या हातानं पोर मेलं म्हणत्यात. तवापासनं ती बोलत नाय. रडतबी नाय. ताट ठेवलं तर जेवती, उठ म्हणलं तर उठती.”

हे सगळं त्याने बसच्या थांब्यांची नावं सांगावीत तसं सांगितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. वसुधाबाईंना वाटलं, बहिणीसारखाच हाही आतून बंद पडलाय, फक्त याला अजून बोलता येतंय.

त्याने खिशातून फोटो काढला. दवाखान्यात भरती करायच्या दिवशी स्टुडिओत काढलेला. पोराचं डोकं मोठं होतं खरं, पण त्यावर कुरळे, दाट केस होते, कानांवर आलेले.

“ऑपरेशनच्या वेळी तुम्ही होता?”

“आदल्या दिशी सकाळच्या येष्टीनं आलो. मामाचं जे असतं ते समदं केलं, कशात कमी ठेवलं नाय. मग डॉक्टरवर सोडलं.”

वसुधाबाईंनी फोटो परत दिला. “समाधान, उत्तर सापडलं आणि ते तुम्हाला नको असलं तर?”

“तिचा हात नसला म्हंजे बास,” समाधान म्हणाला.

*

डॉक्टर प्रभंजन गर्गे यांचं हॉस्पिटल दुमजली होतं. तोंड रस्त्याकडे आणि पाठ नदीकडे. मागच्या फाटकातून निघालं की पायवाटेने थेट गंगेवर जाता यायचं. नाशिकचा माणूस गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो.

चौकशीला आलेल्या बाईला डॉक्टर हाकलून देतील अशी हवालदारांची खात्री होती. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली.

“विचारा,” ते म्हणाले. “मीही तेच विचारतोय सगळ्यांना. साई तिसरा होता. तीन बाळं गेली. पहिल्या वेळी मला झोप लागली नाही. आता लागते. हे जास्त वाईट आहे.”

“जंतू कुठला?”

“ओलाव्यात वाढणारा. साचलेलं पाणी, नदी-नाले, ओल्या जागा. कातडीवर नेहमी असतो तो नव्हे. तिघांनाही तोच. म्हणून मी आमच्या टाकीतलं, नळाचं, थिएटरमधलं सगळं पाणी तपासून घेतलं. स्वच्छ निघालं.”

“नळ्या?”

“मोठ्या माणसांनाही त्याच घालतो. अपघातवाले, रक्तस्रावाचे. तेच थिएटर, तेच हात. त्यांच्यापैकी एकालाही काही झालं नाही.”

“सगळ्याच बाळांना झालं का?”

“नाही. आणि इथेच माझी मती गुंग होते. दोन बाळं शेवटच्या घटकेला आली. एक हरसूलहून जीपमध्ये आणलेलं, श्वास लागलेला. दारातून उचललं आणि टेबलावर ठेवलं. धड अंघोळ घालायलाही वेळ नव्हता. ती दोन्ही खडखडीत बरी झाली. आणि ज्यांना दोन दिवस आधी भरती केलं, तपासलं, नीट तयारी करून घेतली, ती तीन गेली.”

“उलटंच की हो,” हवालदार म्हणाले. “घाईत चुका होतात, निवांतपणी नाय.”

“पू आधी कुठे दिसला? पिशवीच्या बाजूला?” वसुधाबाईंनी विचारलं.

“नाही. टाक्यांखाली, डोक्याच्या कातडीत. पिशवीतलं पाणी त्यानंतर गढूळ झालं.”

“तुमचे नियम काय असतात?”

डॉक्टरांनी ते पाठ म्हटले. खाटेजवळ चपला नकोत. पिशवी कानाच्या पातळीत हवी. पिशवी बदलताना हातमोजे. डोक्याचे केस मशीनने काढायचे, तेही थिएटरात, ऐन वेळी. वस्तऱ्याला दवाखान्यात मज्जाव, कारण त्याने बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यात जंतू घर करतात. नळीला नातेवाइकांनी हात लावायचा नाही. बाळाला देवाचे अंगारे नकोत.

“आणि हे सगळं पाळलं जातं?”

“मी टेबलाशी येतो तेव्हा बाळ हिरव्या चादरीखाली असतं. मला दिसतं ते औषधाने रंगवलेलं वीतभर डोकं. ते नेहमी चांगलं तयार केलेलं असतं.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “वर आणखी एक बाळ आहे. मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांचं. परवा त्याला नळी घालायची. नाही घातली तर त्याची नजर जाईल, मग जीव. घातली तर काय होईल, मला माहीत नाही.”

*

थिएटर सांभाळणारा हिरामण हरसूलकडचा होता. शांत माणूस. हवालदारांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि त्याने लगेच कपाळाचा घाम पुसला. थिएटरच्या मागच्या खोलीतल्या भट्टीजवळ उभा असल्याने पुसला, पण हवालदार खूश झाले.

“माझ्यावरच येनार हे,” हिरामण म्हणाला. “मला ठावं हाय. हत्यारं मी उकळतो, चादरी मी भाजतो. पन मी काय कमी नाय करत, बाई.”

“केस तुम्हीच काढता?”

“मोठ्या मान्सांचे. ही मशीन.” त्याने कपाटातून मशीन काढून दाखवली. “केस त्या बादलीत, बादली भट्टीत. राख होते. बारक्यांना मशीन लागतंच नाय बहुतेक. ती वरून तयारच येतात. त्या जीपमधल्या पोराचे तेवढे मीच काढले होते, लय जावळ होतं.”

“वरून तयार येतात, हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी इचारलं नाय. वार्डात करत असतील, म्हनलं. सिस्टरचं काम त्यात मी कशाला तोंड घालू?”

बाहेर आल्यावर हवालदार कुजबुजले, “पाहिलंत? घाम.”

“हवालदार, भट्टीपाशी उभं राहून तुम्हीही पुसलात,” वसुधाबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर दीपमाला सिस्टर होती. तरुण, काटेकोर. बोलताना खालचा ओठ चावायची. छायाला तो प्रश्न तिनेच विचारला होता.

“मी आरोप नव्हता केला हो,” ती म्हणाली. “विचारावंच लागतं. तिने हो म्हटलं आणि तिच्या सासूने तिथेच कपाळ बडवून घेतलं. मला आजही तिचा चेहरा दिसतो. त्यावर काहीच नव्हतं.”

“बाकीच्या आया नळीला हात लावत नाहीत?”

“लावतात! आई म्हटल्यावर लावणारच. हरसूलच्या त्या बाईने तर उचलताना नळी चांगली ओढली होती, पट्टी सुटून हातात आली. मी घाबरले. पण त्याला काही झालं नाही. हसत घरी गेला.”

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाळं कुठे असतात?”

“इथेच. दुपारी नातेवाईक भेटायला येतात, जरा व्हरांड्यात फिरवतात. साईला त्याच्या मामाने घेतलं होतं. संध्याकाळी परत आणला तेव्हा टोपडं घालून गाढ झोपला होता. थंडी होती, मी उठवला नाही. सकाळी तसाच खाली पाठवला.”

“वॉर्डात केस काढता तुम्ही?”

“छे. ते हिरामण करतो, थिएटरात. डॉक्टरांचा नियमच आहे.” तिने ओठ चावला. “पट्टी पहिल्यांदा बदलली तेव्हा कानामागे दोन बारीक खपल्या दिसल्या होत्या. मला वाटलं, पोराचीच नखं लागली असतील.”

कोपऱ्यातल्या खाटेवर मखमलाबादची आशा मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी झेंडूच्या माळा विणता विणता राठ झालेले तिच्या सासूचे हात पोराचे पाय चोळत होते. पोराच्या डोक्यावर मऊ, काळंभोर जावळ होतं.

“परवा ऑपरेशन ना?” वसुधाबाईंनी विचारलं.

“डॉक्टर उद्याच करतो म्हणत होते,” आशा म्हणाली. “आम्हीच एक दिवस मागून घेतला. माझा भाऊ उद्या येणारे. तो आल्याशिवाय कसं?”

“भाऊ कशाला लागतो ऑपरेशनला?”

आशाने सासूकडे पाहिलं. सासूने खाट पुसणाऱ्या आयाबाईकडे पाहिलं. गोजराबाई नावाची ती आया एकदम जोरात खाट पुसायला लागली.

“धीर असतो ना,” सासू म्हणाली.

गोजराबाईचं बोलणं मोकळं होतं, हसणंही. ती सगळ्या पोरांची आजी होती आणि सगळ्या आयांची आई. पाणी तीच आणून द्यायची, रडणाऱ्या बाईला जवळ घ्यायची. मागच्या फाटकाची किल्लीही तिच्याच कमरेला असायची.

“छाया लय गुणाची पोर,” ती म्हणाली. “तिचा भाऊबी गुणाचा. मला खण दिला त्यानं, नारळ दिला. मी नको म्हनत होते.”

“कशाबद्दल दिला?”

“अशीच मानसं देत्यात, बाई. सुखदुःखाचं कोन इसरतं?”

जिना उतरताना हवालदार म्हणाले, “हिरामण. काय म्हणता?”

“मला एकच प्रश्न पडलाय,” वसुधाबाई म्हणाल्या. “उद्या दुपारी आपण मागच्या फाटकापाशी बसू. येताना टोपी घाला, ऊन लागेल.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात सामसूम झाल्यावर मागच्या फाटकाची कडी वाजली. आधी गोजराबाईने डोकं बाहेर काढलं. मागून आशा, तिच्या कडेवर पोर, मग सासू, आणि नवीन पांढरा शर्ट घातलेला एक तरुण. त्याच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आली होती.

वसुधाबाई वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“आज नाही,” त्या म्हणाल्या. “मागे फिरा सगळे. गोजराबाई, तुम्हीसुद्धा. डॉक्टरांच्या खोलीत चला.”

गोजराबाईचं हसू पुसलं गेलं. हवालदार आळीपाळीने सगळ्यांच्या कपाळांकडे पाहत होते. कुणालाच घाम आलेला नव्हता.

*

डॉक्टरांच्या खोलीत सगळे उभेच राहिले. वसुधाबाईंनी निरोप पाठवून समाधानलाही बोलावून घेतलं होतं. तो दाराला टेकून होता.

“सुरुवात समाधानच्या प्रश्नापासून करते,” वसुधाबाई म्हणाल्या. “छायाताईंच्या हाताने हे झालं नाही. हरसूलच्या आईने नळी ओढली, पट्टी काढली, तिचं बाळ जगलं. आणि हातामुळे झालं असतं तर जंतू पट्टीवरून, पिशवीवरून आत शिरला असता. इथे तो आधी टाक्यांखाली होता. म्हणजे नळी बसली तेव्हाच तो कातडीत बसून होता. पट्टी सरळ करायची वेळ त्यानंतर आली.”

समाधानने डोळे मिटून घेतले.

“मग तो आला कुठून? थिएटर, हत्यारं, नळ्या, डॉक्टर, सगळं मोठ्या माणसांना तेच. ती बरी होतात. हिरामण, तुम्ही सुटलात.”

हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“घाईने आलेली बाळं वाचली, तयारी झालेली गेली. डॉक्टरांना हे उलटं वाटलं. मला ते सरळ वाटलं. घाईच्या बाळांकडे एक गोष्ट नव्हती, आदला दिवस. जे घडलं ते त्या आदल्या दिवशी घडलं. जंतू पाण्यातला, आणि इथलं पाणी स्वच्छ. म्हणजे आदल्या दिवशी बाळं दुसऱ्या कुठल्या तरी पाण्याजवळ गेली.”

“पण बाळ बाहेर गेलं तर कळणार नाही का?” डॉक्टर म्हणाले.

“कळलं असतं, कुणी डोक्याकडे पाहिलं असतं तर. साईचा फोटो भरतीच्या दिवशीचा. डोकं भरून केस. तुमचा नियम, केस थिएटरात काढायचे. हिरामण म्हणतो, बारक्यांचे केस वॉर्डातून काढूनच येतात. सिस्टर म्हणते, वॉर्डात कुणी केस काढत नाही. दोघं खरं बोलतात. दोघांना वाटतं, दुसऱ्याने काढले. आणि डॉक्टर, तुम्ही चादरीतलं वीतभर गुळगुळीत डोकं पाहून खूश होता. मग मधल्या मध्ये साईचे केस काढले कुणी?”

दीपमाला सिस्टरचा हात तोंडावर गेला. “टोपडं,” ती म्हणाली.

“हो. आणि खपल्या. पोराच्या नखांच्या नाहीत, वस्तऱ्याच्या.” वसुधाबाई गोजराबाईकडे वळल्या. “आशाच्या भावासाठी आजचं ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. ऑपरेशनला मामा लागत नाही, गोजराबाई. मामा कशाला लागतो?”

गोजराबाई खाली बसली.

“जावळाला,” ती म्हणाली. “पैलं जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. गंगेत सोडत्यात. इथं काय करत्यात? बादलीत टाकत्यात, बाई! भट्टीत जाळत्यात! जित्या पोराचे पैले केस! एक आई लय रडली, तवा म्या फाटक उघडलं. खाली न्हावी बसत्यात. गंगेचं पानी डोक्याला लावायचं, वस्तरा फिरवायचा, घटकाभराचं काम. डॉक्टरलाबी डोकं साफच पायजे ना? म्हनलं, त्याचंबी काम झालं, देवाचंबी झालं. मग दुसरीला म्याच सांगितलं. तिसरीलाबी.” ती डॉक्टरांकडे पाहू लागली. “वंगाळ व्हावं म्हनून केलं का म्या?”

डॉक्टर हातातल्या पेनाकडे पाहत होते.

“पाणी गंगेचं असलं तरी त्यात जंतू असतात,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता. “तान्ह्याची कातडी कागदासारखी. वस्तऱ्याने ओरखडे पडले, त्यात ते पाणी गेलं. रात्रभर वर टोपडं. सकाळी त्याच कातडीतून मी मेंदूपर्यंत वाट केली.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी नियम सांगत होतो. केसांचं काय होतं, हे मला कुणी विचारेल असं कधी वाटलं नाही. गोजराबाईला विचारतात, मला नाही. बाळांना मशीन का लागत नाही, हेही मी कधी विचारलं नाही.”

आशाने पोराला छातीशी आवळलं होतं. डॉक्टर तिच्याकडे वळले.

“उद्या तुझ्या भावाला थिएटरच्या दाराशी बसव. हिरामण केस मशीनने काढेल आणि स्वच्छ कापडात बांधून त्याच्या हातात देईल. ते गंगेत सोडा. बाळ मात्र इथून हलणार नाही.”

“मांडीवर नाय बसवायचं?” आशाच्या भावाने विचारलं.

“बरं होऊन बाहेर येईल तेव्हा बसव,” डॉक्टर म्हणाले. “हवं तितका वेळ.”

मग सगळ्यांना आठवलं की दाराशी समाधान उभा आहे.

तो हललेला नव्हता. वसुधाबाई त्याच्याजवळ गेल्या. आपल्या कामाचा त्यांना त्या क्षणी मनापासून तिटकारा आला.

“छाया नको म्हणत व्हती,” समाधान म्हणाला. “डॉक्टरला इचारू म्हणली. म्या म्हणलं, डॉक्टरला काय कळतंय आपल्या रीतीतलं. म्याच नेला. माझ्या मांडीवर व्हता. न्हाव्यानं पाणी मागितलं तर म्याच वाटी बुडवून आणून दिली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“नाय.” त्याने मान हलवली. “छायालाबी माहीत नव्हतं. तरी तिला घराबाहेर काढली ना?”

वसुधाबाईंनी पुष्कळ खोटी माणसं पाहिली होती. त्यांच्यासाठी उत्तरं तयार असायची.

“हवं तर मी अंबडला जाऊन तिच्या सासरी सांगते,” त्या म्हणाल्या. “आईचा दोष नव्हता, दवाखान्यातल्या गडबडीत जंतू लागला, एवढंच. तुमचं नाव काढायची गरज नाही. खोटंही नाही ते.”

हवालदारांनी चमकून पाहिलं. बाईंनी अर्धं खरं देऊ केलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“तसं नका करू,” समाधान म्हणाला. “अर्धं सांगितलं तर उरलेलं परत तिच्यावरच जाईल. सासरी मी सांगतो. आधी तिला सांगतो. तुमी संगं चला. मला मधीच थांबावं वाटलं तर थांबू देऊ नका.”

*

येवल्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. घराच्या पुढच्या खोलीत माग होता, त्यावर अर्धा विणलेला पदर. छाया मागच्या भिंतीशी बसली होती. पंचविशीची असेल नसेल. कुणी आलं म्हणून तिने वर पाहिलं, इतकंच.

समाधान तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने सगळं सांगितलं. फाटक, न्हावी, पाणी, वाटी, ओरखडे. मध्ये थांबला नाही. वसुधाबाईंना एकदाही बोलावं लागलं नाही.

“तुझा हात नव्हता,” तो शेवटी म्हणाला. “माझा व्हता.”

छाया त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. हवालदारांना खोलीत थांबवेना, ते ओट्यावर जाऊन उभे राहिले. वसुधाबाईंना वाटलं, उशीर झाला. ही आता कशानेही हलणार नाही. समाधानने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि मान खाली घातली.

“दादा,” छाया म्हणाली.

आवाज इतके दिवस न वापरल्याने घोगरा झाला होता.

“न्हाव्यानं पाणी लावलं तवा त्याला गुदगुल्या झाल्या,” ती म्हणाली. “तुझ्या मांडीवर लय हसला तो. आठवतं का? न्हावीबी हसाया लागला. दवाखान्यात नळी लावल्यापासनं परत कधी हसलाच नाय. मी वाट बघत व्हते. तेच्यासाठीच उचलून घेतला व्हता, पट्टी सरकली त्या दिशी. पाजायचं नुसतं निमित्त.”

समाधान हुंदके देऊन रडायला लागला. छाया रडली नाही. ती सरकत त्याच्याजवळ आली, आणि साई कसा हसला ते पहिल्यापासून सांगू लागली.